हळदीतली नववी आवृत्ती

घुमटची नवी आवृत्ती आली की हर्षाली मोकल आधी चहा टाकायची आणि मगच काय काय बदललंय ते वाचायला बसायची. वाचून झालं की कुणावर तरी ओरडावंसं वाटे, आणि घरात ओरडायला आईशिवाय कुणी नव्हतं. आईवर ओरडायची हर्षालीची छाती नव्हती. म्हणून तोंडाला कप लावून ठेवायचा.

घुमट हे सॉफ्टवेअर पुण्याच्या एका कंपनीचं. त्यावर घरबसल्या गाणी रचता येत, आवाज कापता-जोडता येत, आणि हर्षालीसारखी माणसं त्याच्याच जोरावर मांडवातली गर्दी नाचवत. पेणपासून उरणपर्यंत हळदीला डीजे म्हटलं की चार नावं निघत आणि त्यातलं एक तिचं असे. तिच्याकडे बॅटरीवर चालणारा टेंपो होता. नव्या कायद्याप्रमाणे घेतलेले, आवाज मांडवाबाहेर न सांडणारे स्पीकर होते. आणि घुमट होतं, ज्याच्याशी तिचं चार वर्षं भांडण चालू होतं.

या वेळच्या आवृत्तीत गायकाचा गळा बदलायची सोय आली होती. पावसाचे शेकडो आवाज आले होते. अर्धवट सुचलेली चाल यंत्र स्वतः पुरी करून देणार होतं. पडद्याचा रंग तेवढा आणखी फिका झाला होता, म्हणजे मांडवाच्या उजेडात तो आता मुळीच दिसणार नव्हता.

हर्षालीच्या मागण्या फार नव्हत्या. उजेडात दिसणारा पडदा, हळदीच्या तेलकट बोटांनी दाबता येतील अशी मोठी बटणं, आणि जिवंत माणसाच्या मागे जाणारा ताल. खरी मागणी ती तिसरीच. मांडवात कधी बेंजोवाला असतो, कधी ढोलकीवाला. माणूस रंगात आला की त्याची लय चढते. यंत्राची चढत नाही. मग एक तर त्या रंगलेल्या माणसाला यंत्राच्या दावणीला बांधायचं, नाही तर डीजेने हातानं यंत्राला ढकलत राहायचं.

तिने कप खाली ठेवला आणि कंपनीला लिहिलं : "तुमच्या डोळ्यांसमोरचा माणूस खोलीत खुर्चीवर बसलेला असतो. चुकला तर मागे जाऊन दुरुस्त करतो. मी उभी असते. माझ्यासमोर तीन-चारशे माणसं असतात आणि मला मागे जायला जागा नसते."

"कोनाशी भांडतंस गो?" चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या आईने विचारलं. हर्षाली टाइप करताना पुटपुटायची, तिला ते कळत नसे.

"पुन्याशी."

"मंग जोरान भांड. लांब हाय."

आई म्हणजे जयवंतीबाय. पंचक्रोशीतली धवलारीण. आगरी लग्नात धवले म्हणजे लग्नविधींची गाणी, आणि ती गाणारी ती धवलारीण. तिने तोंड उघडल्याशिवाय हळद कांडली जात नाही, नवऱ्याला लागत नाही. एका घरात दोघी, आणि दोघींचाही धंदा हळदीचा. बाहेरचे लोक याचं कौतुक करायचे. घरात मात्र त्या विषयाला सहसा कुणी हात लावत नसे.

कारण मागच्या उन्हाळ्यातली एक हळद. घुमटमध्ये तेव्हा नुकतीच एक सोय आली होती. गाण्यात नकोशी शांतता आढळली की यंत्र ती आपणहून भरून काढी. आई गात असताना हर्षालीने तिच्याखाली अगदी बारीक सूर धरला होता, चांगल्या भावनेने. दोन कडव्यांच्या मधे आईने श्वास घेतला. यंत्राला ती रिकामी जागा वाटली, आणि त्याने तिथे दणका घातला. मांडव हसला. आईने मुसळ खाली ठेवलं, "गला बसलाय" असं नवरीच्या घरच्यांना सांगितलं आणि घरी निघून आली. त्यावर ती नंतर एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर हर्षालीला बरं वाटलं असतं.

आज मात्र ती बोलली.

"जितेशच्या हलदीला डीजे तू आन् धवलारीण मी. मामानं दोगींना सांगलंय."

जितेश म्हणजे हर्षालीचा मामेभाऊ. "ठावं हाय मना," हर्षाली म्हणाली.

"तं मग आयक." आईने भाकरी उलटली. "ही एक हलद बगीन मी. तुजं यंतर माज्या गान्यावर परत चढलं, तं या जन्मात उखलाशी बसनार नाय. कोनाच्याच मांडवात नाय. तुज्या लग्नात पन नाय."

"माजं लगीन ठरलंय कुठं?"

"म्हनूनच आधी सांगतंय. मागाहून तक्रार नको."

हर्षाली हसली खरी. पण आई पोकळ धमक्या द्यायची नाही. आणि आईनंतर धवले येणारं गावात कुणी नव्हतं. हर्षालीला शंभर गाण्यांची लय ठाऊक होती, पण धवला एकही येत नव्हता.

दुसऱ्याच दिवशी पुण्याहून फोन आला.

"मी सोहेल शिकलगार, घुमटमधून बोलतोय. तुमच्या त्या खुर्चीच्या वाक्यावरून आमच्याकडे काल मोठं भांडण झालं. मी तुमच्या बाजूने होतो."

"मग हरला असाल."

"नेहमीप्रमाणे," तो म्हणाला. "पण एक गोष्ट मी आधीच करून ठेवली होती. नववी आवृत्ती. अजून थोड्याच लोकांकडे आहे. ती खऱ्या मांडवात लावून बघायचीय. मी आधी भूकंप मोजायचो."

"आणि आता?"

"आता लहान भूकंप मोजतो. माणसं नाचतात तेव्हा होतात ते."

हर्षालीने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. चार वर्षांत पुण्याहून कुणी तिच्याशी असं बोललं नव्हतं.

हळदीच्या दोन दिवस आधी सोहेल मामाच्या गावी येऊन थडकला. उंच, किडकिडीत, पाठीवर स्वतःपेक्षा मोठी पिशवी. मामाने त्याला पाणी देण्याआधी कोळंबीचं कालवण खातो का ते विचारलं, आणि तो खातो म्हटल्यावर त्याच्याविषयीचे बाकीचे प्रश्न मिटले.

अंगणापलीकडे कापणी झालेलं शेत होतं. अंगणापासून तिथवर मांडव पडणार होता. सोहेलने वाकून मूठभर माती उचलली, दाबली आणि त्याचा चेहरा उजळला.

"ही खाडीचीच माती ना?"

"खारेपाट म्हणतात याला," हर्षाली म्हणाली. "आमच्या आजे-पणज्यांनी बांध घालून खाडीकडून काढून घेतलेली जमीन."

"अहो, सोनं आहे हे!" तो म्हणाला. "कठीण खडकात हादरा पळून जातो. असल्या मऊ, ओल्या चिकणमातीत तो रेंगाळतो, मोठा होतो. भूकंपवाल्यांना याची धास्ती असते. मला तर नाचावंसं वाटतंय."

मग भाताच्या पेंढ्यावर बसून त्याने तिला सगळं समजावून सांगितलं. तो समजावत होता तेही पाहण्यासारखं होतं. हातातल्या दोन काड्या लंबकासारख्या हलवत तो बोलत होता.

एकाच लाकडी फळीवर लंबकाची दोन घड्याळं टांगली, तर काही वेळाने दोन्ही लंबक एका ठेक्यात येतात. कुणी त्यांना सांगत नाही. एका लंबकाचा अगदी पुसटसा धक्का फळीतून दुसऱ्याला पोचतो, दुसऱ्याचा पहिल्याला, आणि देवघेव करता करता दोघांचं जमतं. काजव्यांनी भरलेलं झाड एकदम लुकलुकायला लागतं ते असंच. लांबलेल्या टाळ्या एका तालात पडायला लागतात त्याही अशाच. प्रत्येक नाचणाऱ्या माणसात एक घड्याळ असतं, त्याच्या पावलांचं. आणि त्या सगळ्यांच्या मधली फळी म्हणजे जमीन.

"आतापर्यंत आमचं सॉफ्टवेअर बहिरं होतं," सोहेल म्हणाला. "ते बोलायचं, ऐकायचं नाही. आता जमिनीत या पातळ पट्ट्या टाकायच्या. त्या पावलं ऐकतील. गर्दी जरा मागे पडली की गाणं केसभर थांबेल, मग हळूच तिला ओढून पुढे नेईल. कुणाला कळणारही नाही. फक्त वाटेल, की आज पाय आपोआप पडतायत."

"आणि पुढारी कोण? गाणं की गर्दी?"

"जमिनीवर ज्याचा ठोका सगळ्यात दणकट आणि सगळ्यात स्थिर, त्याच्या कलाने बाकीचे. म्हणजे तुमच्या स्पीकरमधला तो जाडा, दणदणता ठोका, बेसच. दुसरं कोण असणार?"

संध्याकाळी जितेश आणि त्याचे दहा-बारा मित्र चाचणीसाठी नाचले. लॅपटॉपच्या पडद्यावर प्रत्येक पट्टीपाशी एकेक ठिपका उमटत होता. आधी सगळे ठिपके वाटेल तसे लुकलुकत होते, पाखडताना उडणाऱ्या दाण्यांसारखे. हर्षालीने गाणं सोडलं. थोड्या वेळाने ते जोडीजोडीने जुळू लागले, मग पाच-पाच, आणि एका क्षणी सगळा पडदा एकदम लखलखला, एकदम विझला. तिच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं जे ती माणसांच्या खांद्यांवरून ओळखत होती, ते तिला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसत होतं.

"हर्षे," जितेश धापा टाकत आला. "काय केलंस गो? नाचता येत नाय म्हनून ज्याला आम्ही वरातीत मागं ठेवतो, तो सुद्धा आज नाचला!"

तिला त्याच वेळी आई आठवली. ही गोष्ट बेंजोवाल्याला सांभाळील, ढोलकीवाल्याला सांभाळील. पण धवल्याला कोणता ठोका असतो? आई कधी रेंगाळते, कधी धावते. तिने मनाशी ठरवलं. आई गाते आहे तोवर आवाज बंद. पूर्ण बंद. कसली जोखीम नको.

हळदीच्या दिवशी पट्ट्या पुरायला तिने सकाळीच सुरुवात केली. अंगणाच्या मधोमध जमिनीत पुरलेलं दगडी उखळ होतं. त्याच्याभोवती मामीने तांदळाच्या पिठाने चौक भरला होता. पट्टीची वायर चौकावरून नेली असती तर काम पाच मिनिटांत झालं असतं. पण भरलेला चौक कुणी ओलांडत नाही, मग वायरने तरी का ओलांडावा? आईने पाहिलं असतं तर गाणं सुरू व्हायच्या आधीच संपलं असतं. म्हणून हर्षालीने पहारीने बाजूने चर खणला आणि एक पट्टी खालून, उखळाच्या बुडाला लागून नेली. वरून मातीने लिंपून टाकलं. शास्त्र सांभाळलं गेलं म्हणून तिला बरं वाटलं. आपण मांडवातला सगळ्यात मोठा कान उखळाच्या पोटाशी नेऊन ठेवला आहे, हे काही तिच्या लक्षात आलं नाही.

दिवे लागले तसा मांडव भरला. पिवळी पातळं, पिवळे सदरे, तळणाचा वास, पोरांची पळापळ. आई आली. नाकात मोठी नथ, अंगावर हिरवं लुगडं, हातात आंब्याच्या डहाळ्या बांधलेलं मुसळ. तिने टेबलामागे उभ्या असलेल्या हर्षालीकडे नुसतं एकदा पाहिलं. हर्षालीने दोन्ही हात वर करून दाखवले. बटणांना हात नाही.

पाच सवाशिणींनी आईच्या हातातल्या मुसळाला हात लावला. मुसळ वर गेलं, उखळात पडलं, आणि आईने धवला उचलला :

"माज्या मांडवाच्या दारी गो
कोन सोनं कांडतंय,
कोन पिवल्या पान्याचा
खाडीला रंग देतंय..."

मागच्या बायांनी ओळ धरली. पुढे बसलेली म्हातारी माणसं ऐकत होती. मागे उभी असलेली तरणी गर्दी मात्र चुळबुळत होती. शिट्ट्या सुरू झाल्या. कुणी तरी ओरडलं, "डीजे झोपली क?" मामा घाईघाईने टेबलाशी आला.

"हर्षे, काय तरी लाव गो. अगदी बारीक. नाय तं ही पोरं तिला गाऊ देत नाय."

"मामा, आईला कबूल केलंय मी."

"तिलाच सांभालासाठी सांगतंय! बग तिकडं."

मागच्या बाजूला टाळ्या पिटायला सुरुवात झाली होती, चेष्टेच्या. आईचा आवाज त्यात बुडू लागला. हर्षालीने सोहेलकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले. मग तिने श्वास रोखून फेडर, म्हणजे आवाज चढवायचा सरकता दांडा, एवढासा वर सरकवला. नुसता बेस, गाणं नाही, सूर नाही. कानाला जेमतेम लागेल इतका. आईकडे बघायचा तिला धीर झाला नाही.

दणका आला नाही. काहीच आलं नाही. आवाज कुठे तरी हरवल्यासारखा वाटला, म्हणून तिने मान वर केली, आणि तिला कळलं, की बेस हरवला नव्हता. तो मुसळाच्या आत होता. मुसळ उखळात पडत होतं नेमकं तेव्हाच बेसही पडत होता, आणि पाच बायांच्या हातातलं ते लाकूड एखाद्या टेकडीएवढं वाजत होतं.

मागची टाळ्यांची चेष्टा बंद झाली. कुणाचा तरी पाय पडला. मग शेजारच्याचा. पडद्यावरचे ठिपके जुळायला लागले.

आईचे डोळे बारीक झाले. ती फसणारी बाई नव्हती. तिने पुढची ओळ मुद्दाम लांबवली. मुसळ रेंगाळलं. बेस रेंगाळला. सबंध मांडव गुडघ्यात वाकून तसाच रेंगाळला. मग आईने एकदम चाल धरली. मुसळ धावलं, बेस धावला, तीनशे पावलं धावली. मागच्या पोरांमधून आनंदाची आरोळी उठली. नेहमीच्या गाण्यांवर ती कधी अशी ओरडत नसत.

"सोहेल!" हर्षाली जवळजवळ किंचाळली. "ती ओढतेय! माझी आई ओढतेय यंत्राला!"

सोहेल पडद्यावर झुकला. त्याने उखळाजवळच्या पट्टीवर बोट ठेवलं आणि डोक्याला हात लावला.

"ही पट्टी कुठून नेलीत?"

"उखळाच्या खालून. चौक ओलांडायचा नव्हता."

"उखळाच्या खालून," तो म्हणाला. "म्हणजे मुसळाचा ठोका सरळ मातीत, आणि मातीतून सरळ कानात. तुमचा बेस एवढा बारीक, की दणकट आणि स्थिर म्हणून यंत्राने मुसळालाच पुढारी केलं." तो हसायला लागला आणि मधेच थांबला. "पण ही चूक आहे, हर्षाली. आमची चूक. परदेशात एका क्लबात बारमागे बर्फ फोडायचं यंत्र होतं. तासभर सगळा क्लब त्या बर्फाच्या तालावर नाचला. केवढ्या तक्रारी आल्या! उद्या दुरुस्ती बाहेर पडतेय. त्यानंतर पुढारी फक्त गाणंच राहील."

"दुरुस्ती?" हर्षालीने त्याचा दंड धरला. "अरे, हेच तर मी चार वर्षं मागतेय! डीजे म्हणजे कायम पुढे धावणारा माणूस असं तुम्हाला कुणी सांगितलं? कधी कधी आम्हाला कुणाच्या तरी मागे जायचं असतं. ते नेमकं चुकून जमलं आणि तुम्ही दुरुस्त करताय!"

सोहेलने आईकडे पाहिलं, मांडवाकडे पाहिलं. त्याचे डोळे चमकायला लागले.

"माझ्या सांगण्यावर पुण्यात कुणी विश्वास ठेवणार नाही," तो म्हणाला. "पण हे ठिपके आत्ता, चालू असताना पाहिले तर ठेवतील. थांबा."

त्याने खिशातून फोन काढला आणि लॅपटॉपला नेट जोडून दिलं. हर्षाली "नको, नेट नको!" म्हणेपर्यंत जोडूनही झालं. मांडवात उभा राहणारा डीजे लॅपटॉपला नेटचं वारं लागू देत नाही. ही गोष्ट तिला झोपेत विचारली तरी सांगता आली असती. खोलीत बसून काम करणाऱ्याला ती ठाऊक असायचं कारण नव्हतं.

पडदा पांढरा झाला. दुरुस्ती उद्या नव्हे, आजच बाहेर पडली होती, आणि लॅपटॉपने नेट दिसताच ती ओढून घेतली होती. "कृपया थांबा. घुमट ताजं होत आहे."

स्पीकर मुके झाले.

सोहेलचा चेहरा पडद्याइतकाच पांढरा पडला. हर्षालीने कानांवर हात नेले, शिट्ट्यांची वाट पाहत.

शिट्ट्या आल्या नाहीत.

मुसळ पडत होतं, आणि त्याच्याबरोबर तीनशे पावलं पडत होती. स्पीकर नाहीत, बेस नाही. तरी जमीन वाजत होती. बऱ्याच जणांना आवाज गेल्याचं कळलंही नसावं, कारण ठेका गेला नव्हता. सोहेलने दोन काड्या हलवून जे सांगितलं होतं ते हर्षालीला आता तळपायांतून कळत होतं. एकदा जुळलेल्या घड्याळांना जुळवणारा लागत नाही. ती एकमेकांना धरून ठेवतात. शेजाऱ्याचं पाऊल आपल्या पावलाला, आपलं त्याच्या पावलाला, आणि खाली ती खाडीची माती सगळ्यांचं सगळ्यांना पोचवत राहते.

आणि त्या घुमणाऱ्या जमिनीवर आईचा आवाज मोकळा, एकटा, मांडवाच्या शेवटच्या टोकापर्यंत गेला. पोरं ऐकत होती. नाचता नाचता मागची ओळ धरत होती. त्यांना शब्द येत नव्हते, पण शेवटचा "गो" सगळ्यांना येत होता, आणि तो मांडव हलवून टाकत होता.

पडदा परत आला, फेडर खाली शून्यावर घेऊन. सोहेल घाईने वाचू लागला.

"आता ते तिचं ऐकणार नाही," तो म्हणाला. "आता ते फक्त स्वतःचं ऐकेल. फेडर वर सरकवलात तर गाणं आपल्या वेगाने येईल."

म्हणजे आईवर चढेल. आणि नाही सोडलं तर? हर्षालीने मागे पाहिलं. मांडवाच्या कडेला पावलं फिसकटायला लागली होती. तिथली माणसं उखळापासून लांब होती, ठोका त्यांच्यापर्यंत पुसट होऊन पोचत होता. ठिपके एकेक करून सुटत होते. आणखी दोन कडवी, आणि सगळं विस्कटलं असतं. मग शिट्ट्या, मग आरडाओरडा, आणि त्याखाली आईचा धवला.

तिने तालाची चकती हाताखाली घेतली. वेग हाताने ढकलता येतो, ते ती वर्षानुवर्षं करत आली होती. पण ढकलायचं कशाच्या मागे? उखळाभोवती बायांची दाटी होती. मुसळाच्या नुसत्या डहाळ्या वर-खाली होताना दिसत होत्या. पहिला ठोका नेमका पडला पाहिजे होता. केसभर आधी पडला तरी सगळं संपलं.

आईने कडवं संपवलं. तिने मान वळवली आणि बायांच्या खांद्यांवरून सरळ टेबलाकडे पाहिलं. तिला काय कळलं, किती कळलं, देव जाणे. स्पीकर मुके झालेत आणि आपल्या पोरीचा चेहरा उतरलाय, एवढं तर दिसतच होतं. पोरीचे हात कुठे आहेत तेही तिने पाहिलं असावं.

मुसळ वर गेलं. आणि खाली आलंच नाही.

पाच बायांचे हात मुसळाला, मुसळ हवेत, डहाळ्यांची पानं थरथरताहेत. तीनशे माणसांची पावलं आपोआप थांबली. एक मूलसुद्धा रडेना. हर्षालीने श्वास घेतला नाही. तिने पडद्याकडे पाहिलं नाही. तिने फक्त आईच्या मनगटाकडे पाहिलं. मनगट किंचित मागे गेलं.

तिने फेडर वर ढकलला.

मुसळ आणि बेस एकाच क्षणी मातीत उतरले. जमीन खालून उसळल्यासारखी झाली. टेबलावरचा पाण्याचा तांब्या कलंडला, मांडवाच्या खांबांवरच्या माळा उडाल्या, आणि तीनशे गळ्यांतून एकदम जो आवाज निघाला, तो कुठल्याही आवृत्तीत कुणाला साठवता आला नसता. आई गात होती. हर्षाली चकतीवर बोटं ठेवून तिच्या मनगटामागे धावत होती, थोडी पुढे, थोडी मागे, पुन्हा नेमकी. घाम डोळ्यांत जात होता. ती हसत होती की रडत होती हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

"हर्षाली!" सोहेल तिच्या कानाशी ओरडला. त्याचे स्वतःचे पाय थांबत नव्हते. "परत घालतो! मागे जायची सोय! पुण्यात सगळ्यांशी भांडीन! आणखी काय हवंय, सांगा!"

"नंतर!" ती ओरडली. "आत्ता बाजूला हो, मला दिसत नाहीये!"

तो बाजूला झाला. पण उखळापाशी नाचत्या बायांची दाटी आणखी वाढली होती, आणि आईचं मनगट त्यांच्या पिवळ्या पदरांआड गेलं. हर्षाली टाचांवर उंच झाली. तरी दिसेना. तिची बोटं चकतीवर आंधळी झाली. अजून एक ठोका जमला. अजून एक.

कडव्याच्या शेवटी आईचा आवाज आला. गाण्यातला नव्हे, घरातला. भाकरी उलटताना असतो तसा.

"बायांनो, सरा गो जरा," जयवंतीबाय म्हणाली. "तिना माजा हात दिसू दे."

बाया सरल्या. मुसळ पुन्हा वर गेलं.